‘घातक आहे का?’ असं विचारून जाणीव कळत नाही

तुमच्या पाहणीत जवळजवळ सगळ्या विद्यार्थ्यांनी ‘गोड शीतपेयं आरोग्याला घातक आहेत’ याला होकार दिला आणि पुढच्याच प्रश्नात बऱ्याच जणांनी ती रोज पितो असं लिहिलं. जाणीव असूनही मुलं अशी का वागतात, हा तुमचा प्रश्न. मी बरीच वर्षं पोषण हा विषय शिकवते. माझ्या मते तुमच्या पाहणीत जाणीव मोजलीच गेली नाही. ‘घातक आहे का?’ या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर मुलांना पाठ असतं आणि ती तेच लिहून देतात.

मी वर्गात टेबलावर रिकाम्या बाटल्या आणि साखरेची बरणी ठेवते. कोणत्या बाटलीत किती साखर असेल, तितकी चमच्याने काढा म्हणते. ३३० मिलिलिटर साध्या कोलात साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे चहाचे जवळजवळ नऊ चमचे साखर असते. मुलं तीन-चार चमच्यांवरच थांबतात. फळांच्या रसापुढे तर अनेकजण चमचा उचलतच नाहीत, ‘ती नैसर्गिक साखर आहे’ म्हणतात. खरी मेख इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनेनुसार मुक्त साखरेतून, म्हणजे वरून घातलेल्या आणि मध, रस यांतल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची होते, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर आणखी चांगलं. अख्ख्या फळातली साखर या हिशेबात धरत नाहीत, पण रसातली धरतात.

लेबल वाचतो म्हणणाऱ्या मुलांनाही एकदा गणित घालून पाहा. आकडा बहुधा १०० मिलिलिटरचा असतो आणि बाटली ५०० ची. खेळाडूंसाठीच्या पेयात १०० मिलिलिटरला साधारण ६ ग्रॅम साखर असते, म्हणजे अख्ख्या बाटलीत ३० ग्रॅम. दीर्घकाळ घाम गाळणाऱ्याला तिचा उपयोग आहे, पण तीच बाटली मुलं वर्गात बसल्याबसल्या संपवतात आणि आपण काहीतरी चांगलं प्यायलो असं समजतात.

एनर्जी ड्रिंकची गोष्ट निराळी. परीक्षेच्या आदल्या रात्री ते पिणाऱ्याच्या डोक्यात साखर नसतेच, त्याला जागं राहायचं असतं. २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन आणि बऱ्याचदा २७ ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्याला साखरेचे तोटे सांगून फरक पडत नाही, कारण त्याची अडचण झोपेची आणि ताणाची आहे. म्हणून ‘कधी, कुणाबरोबर, कशासाठी प्यायलात?’ हा प्रश्न हवाच. मुलांचा दृष्टिकोन त्यातूनच कळतो.

आणि निष्कर्षात सगळा दोष मुलांच्या माथी मारू नका, ही कळकळीची विनंती. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर लावला. अनेक उत्पादकांनी तो लागू होण्याआधीच आपल्या पेयांतली साखर कमी केली. पिणाऱ्यांची जाणीव होती तेवढीच राहिली तरी त्यांच्या पोटात जाणारी साखर घटली.

तेव्हा प्रश्नावली बदला. ‘शीतपेय’ हा शब्द काढून कोला, रस, गोड कॉफी, सुगंधी दूध, एनर्जी ड्रिंक अशी नावं वेगवेगळी लिहा. ‘साधारणपणे किती पिता?’ याऐवजी ‘काल दिवसभरात काय काय आणि किती प्यायलात?’ असं विचारा. आधी दहाएक जणांकडून ती भरून घ्या आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ लावला ते समोर बसून विचारा.