तोंडीचे 20 गुण आणि शिक्षकाचा शब्द

प्रश्न : मी दहावीला मराठी शिकवतो. तोंडी परीक्षेत सगळ्यांना 18च्या पुढे द्यायचे, असा आमच्या शाळेचा अलिखित नियम आहे. खरे गुण दिले तर माझ्याच तुकडीची मुलं मागे पडतील. काय करावं?
– एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : एकट्याने खरे गुण देऊन हे सुटणार नाही, झळ तुमच्याच मुलांना लागेल. पण सरसकट 18 देण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. भाषेत लेखी 80 आणि तोंडी 20 मिळून 35 झाले की मूल पास. तोंडीत 18 हाताशी असले, तर लेखीत 17 पुरतात. शाळा गुणांची खैरात करतात या आक्षेपावरून 2019च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे 20 गुण काढले गेले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10वर आला. (अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, तेव्हा सगळी घसरण या गुणांच्या माथी मारता येत नाही.) पुढच्या वर्षी गुण परत आले. ते काढणं चूकच होतं, असं आमचं ठाम मत आहे. मूल बोलतं कसं, हे लेखी पेपरात कळत नाही.

म्हणून आधी जोडीदार शोधा. शाळेत दुसरे मराठीचे शिक्षक नसतील, तर शेजारच्या शाळेतले चालतील. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी, पालकांना विचारून, सहा मुलांचं दोन-दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. दोघांनी एकमेकांना न दाखवता 5 पैकी गुण द्या. एकाहून जास्त गुणांचा फरक पडला, तिथे पुन्हा ऐका. समजा, मुलगी आठवडी बाजाराबद्दल क्रमाने, उदाहरणं देत बोलली, पण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली. एकाने 4 दिले, दुसऱ्याने 2. दुसऱ्याने तिचं बोलणं नव्हे, बोली तपासली. अशा जागा सापडल्या की 5, 3 आणि 1 गुणाचं बोलणं कसं असतं, ते दोन-दोन ओळींत लिहून काढा. बोलीसाठी गुण कापायचे नाहीत, हेही त्यातच लिहा.

वाचनाला पुस्तकातला उतारा नको. तो पाठ असतो. दिवसाला 15च मुलं घ्या, नाहीतर शेवटच्यांना घाईचे गुण मिळतात. प्रत्येक गुणाशेजारी कारणाचं एक वाक्य लिहा. हे कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवा आणि सगळ्या तुकड्यांना हीच कसोटी लावा, असा आग्रह धरा. एका शाळेत दोन मापं नकोत.

प्रश्न : मुलीच्या वर्गात 40 मुलं. निकाल 92.5 टक्क्यांवरून 85वर आला. पालकांना शिक्षिका बदलून हव्या आहेत. योग्य आहे का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : नाही. 40च्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच टक्के. गेल्या वर्षी 37 पास झाली, यंदा 34. फरक तीन मुलांचा, आणि तो आजारपणाने किंवा वर्षाच्या मध्यात शाळा बदलून आलेल्या मुलांमुळेही पडतो. शिवाय दोन्ही वर्षांची मुलं वेगळी. पालकसभेत बाईंना विचारा : नापास मुलं नेमक्या कोणत्या घटकात अडली, आणि सहामाहीनंतर त्यांच्यासाठी काय केलं? मुलांची नावं न घेता हे सांगता येतं. निदान तीन वर्षांचे आकडे समोर असल्याशिवाय बदलाचा अर्ज देऊ नका.