वडील शेवटच्या आजारात आहेत, मुंबईतल्या त्यांच्या मित्रांना रोज कसं कळवत राहू?

सगळे फोन स्वतः घेत बसू नका. आमचे अण्णा देवगडला अंथरुणाला खिळले तेव्हा 'आज पेज घेतली का, माणसं ओळखतात का' हे सांगून सांगूनच आई थकली. शेवटी चुलतभावाने व्हॉट्सॲप ग्रुप काढला, फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग लावून. रोज दिवेलागणीला दोन ओळी, बस. (ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची सोय, नको; ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही.) काय सांगायचं नि काय नाही, हे वडिलांनाच विचारा. आणि भेटायचं असेल तर आत्ताच या, असं स्पष्ट लिहा. आमच्याकडे यायला गणपतीच्या दिवसांत कणकवलीपर्यंतचं रेल्वेचं तिकीट ऐनवेळी कुठलं मिळायला! साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या मित्रांना मात्र भाऊच फोन करायचा.