विकलेली बोलेरो सोनं गहाण ठेवून परत घ्यावी का?

सर, तुमचा मेसेज नीट वाचला, आकडे कागदावर मांडले आणि मगच लिहायला बसलो. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. सर अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, २००८ ला लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन नाही. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, तुरीचे पैसे आले त्या साली बोलेरो घेतली, सरांच्याच नावावर, कारण पगाराची स्लिप सरांची होती. पासिंग मार्च २०११ चं. अण्णा मागच्या वर्षी गेले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन हातचं गेलं, मुलगी बारावीला आणि लातूरला नीटची ट्युशन, तिचा हप्ता डोक्यावर, त्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगितलं की पंधरा वर्षं झाली की डिझेल गाडी भंगारातच जाते, मग सरांनी दसऱ्याच्या आधी कंधारकडच्या एका ओळखीच्या माणसाला २,६०,००० ला देऊन टाकली. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही, रस्त्यानं पांढरी बोलेरो दिसली की नंबर बघतात. आता तो माणूस म्हणतो ३,४०,००० द्या आणि घेऊन जा, फक्त रोख द्या. सरांचा विचार असा की वहिनींच्या सोन्यावर ३ लाख काढायचे, ४० हजार भिशीतून उचलायचे आणि गाडी दारात आणायची.

माझं उत्तर आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला नको: आत्ता घेऊ नका, आणि सोन्यावर तर कधीच घेऊ नका. पण गाडी परत घ्यायची इच्छा चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, ती कशी आणि कधी घेता येईल ते खाली लिहितो.

त्याच्याही आधी एक काम. तुम्ही एका ओळीत लिहून पुढं निघून गेलात की "टीटीओ (म्हणजे मालकी बदलाच्या) फॉर्मवर सह्या करून दिल्यात पण आरसी अजून माझ्याच नावावर दिसते". सर, तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये मला भीती वाटली ती या ओळीची. गाडी विकली की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये तसं आहे, आणि आपल्याकडं कुणीच कळवत नाही, २९-३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करायच्या आणि चहा पिऊन उठायचं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी मधे कितीही हातांतून फिरली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. तुम्हीच लिहिलंय की तो माणूस गाडीत मजूर बसवून वावरात नेतो. विमा मार्चात संपायला लागला. उद्या विमा नसताना दहा माणसं भरलेली ती गाडी कुठं उलटली तर दाव्याची नोटीस कंधारला नाही, तुमच्या घरी येईल, आणि त्या रकमेपुढं ही ३,४०,००० काहीच नाही. म्हणून याच आठवड्यात त्याला फोन लावा, ट्रान्सफर करून घे म्हणा, आणि तो करो न करो, तुम्ही तुमच्याकडून फॉर्म २९ आणि विक्रीचा करारनामा लातूरच्या आरटीओत देऊन पोच घ्या.

तुम्हाला वाटेल मग परत घेतली तर पुन्हा ट्रान्सफर, पुन्हा खर्च, आणि आरसीवर आपण तिसरे मालक. होऊ द्या. तिसऱ्या मालकाच्या गाडीला भाव कमी येतो हे खरं, पण तुम्ही तर ती मरेपर्यंत विकणार नाही म्हणता, मग भावाची काळजी कशाला.

आता पंधरा वर्षांचं. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते दिल्ली आणि आसपासच्या भागाचं आहे, तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरून एवढी वर्षं गोंधळ चाललाय. सरकारी खात्यांच्या गाड्या १५ वर्षांनी मोडीत काढतात तेही वेगळं. आपल्याकडं खाजगी गाडी असेल तर फिटनेस दाखवायचा, पर्यावरण कर भरायचा, नूतनीकरणाची ५,००० रुपये फी भरायची आणि पुढची ५ वर्षं गाडी रस्त्यावर. म्हणजे भंगाराच्या भीतीनं विकली असेल तर ती भीती खोटी होती, आणि तुमच्या मनाला जे लागून राहिलंय त्यातला मोठा वाटा हाच आहे असं मला वाचताना वाटलं. पण सर, विक्रीचं दुसरं कारण शंभर टक्के खरं होतं. दीड लाख लेकराच्या ट्युशनला आणि हॉस्टेलला गेले. ते पैसे त्यावेळी दुसरीकडून आणले असते तर सावकाराच्या नाही तर पतसंस्थेच्या दारात उभं राहावं लागलं असतं. गाडी घेताना अण्णा म्हणाले होते ना की नातीला शाळेत सोडायला होईल, मग त्या गाडीनं तेच काम केलं, मी तरी असंच समजतो.

भावाचं बघू. २,६०,००० ला दिलेली गाडी चार-पाच महिन्यांत ३,४०,००० ची होते कशी? त्यानं दोन टायर आणि सीट कव्हर टाकले म्हणता, ठीक, त्याच्या पावत्या बघा. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नवी बोलेरोसुद्धा त्यात बसते, नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भाव वर जात नसतो. वर येत्या मार्चात पासिंग संपतंय, तो खर्चही घेणाऱ्याच्याच गळ्यात. हे वरचे ८०,००० गाडीचे नाहीत, तुम्ही तिथं जाऊन बॉनेटवर हात फिरवून डोळे पुसलेत ते त्यानं बघितलं, त्याचे आहेत. व्यवहारात तो चुकीचा नाही, पण तुम्ही परत त्याच्यासमोर असं जाऊ नका, बोलायला मेव्हण्याला पाठवा. आणि रोखीचं तर नावच नको, एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा लागतो, आणि तुमच्याकडं पैसे दिल्याचा पुरावा राहत नाही ते वेगळंच. (तुम्हाला २ लाख आरटीजीएसनं आणि ६० हजारच रोख आलेत, त्यामुळं तुमच्या बाजूनं अडचण नाही. आणि घरची वापरायची गाडी विकली तर त्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही, स्टाफरूममधल्या त्या मित्राला सांगा.)

खरा हिशोब मात्र ३,४०,००० चा नाहीच, आणि तो मला करायचीही गरज पडली नाही, तो अण्णांनी करून ठेवलाय. तुम्ही त्यांच्या गाडीच्या डायरीतलं २०२३ सालचं पान टाईप करून पाठवलं ते मी किती वेळ बघत बसलो. काय माणूस होता! क्लच प्लेट मजुरीसकट ११,५००. मागचे दोन टायर १०,४००. बॅटरी ५,८००. ऑइल आणि सर्व्हिसिंग दोन वेळचं ६,२००. विमा ९,३००. प्रत्येक नोंदीपुढं तारीख आणि किलोमीटर. बेरीज ४३,२०० होते, डिझेल सोडून. त्या वर्षी गाडी जवळपास ६,००० किलोमीटर फिरली, लिटरला १२ धरले तर ५०० लिटर, आजच्या भावानं ४५ हजारांचं डिझेल. तुम्ही म्हणाल मी एवढी फिरवणार नाही, बरं, निम्मंच धरू. तरी वर्षाचे ६५ हजार, महिन्याला साधारण ५,४००. आणि गाडी तेव्हा बारा वर्षांची होती, आता पंधराची आहे, मधे ती मजूर वाहून आलीय, पाटे आणि क्लचची काय अवस्था असेल ते तुमच्या मिस्त्रीला खाली झोपून बघू द्या.

यात सोन्याचं कर्ज घाला. ३ लाख १० टक्क्यांनी, दोन वर्षांत फेडायचे तर हप्ता १३,८०० च्या आसपास. म्हणजे गाडी दारात उभी राहिली की महिन्याला १९ हजारांच्या वर. तुमचा हातात येणारा पगार ६२,०००. त्यातून घराचा हप्ता १४,५००, घरखर्च २२,०००, लातूरचा खर्च १६,०००. उरतात ९,५००. भिशीचे ४० हजार आधी उचलले तर त्याचे हप्ते पुढं भरायचेच आहेत, ते मी यात धरलेले पण नाहीत. सर, हे बसत नाही. ओढून ताणून पण बसत नाही.

मग होतं काय, आपल्याकडं घरोघरी बघतो मी. पहिले चार हप्ते जातात, मग मूळ रक्कम राहते बाजूला, वर्षाअखेर नुसतं व्याज भरून सोनं पुन्हा फिरवायचं, असं दोन-तीन वेळा झालं की लिलावाची नोटीस येते. आता बँका अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारणाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत देऊ शकतील, आणि सोन्याचा भाव असा चढलेला, म्हणून मॅनेजर आनंदानं देईल. देतो म्हणून घ्यायचं नसतं. आणि ते सोनं वहिनींचं आहे. "ती हो म्हणाली" असं तुम्ही लिहिलंय, पण सासरे जाऊन वर्ष झालंय, नवरा रात्र रात्र जागा राहतोय, अशा वेळी कोणती बाई नाही म्हणेल? त्यांना निवांत बसवून आकडे दाखवा, १९ हजार आणि ९,५०० हे दोनच आकडे, आणि मग विचारा.

एफडीचे ४ लाख मोडू का, हेही विचारलंय तुम्ही. नको. मे महिन्यात नीट, जूनमध्ये निकाल, आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने तुमच्या घरातले सगळ्यात महागडे महिने असू शकतात. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, कुठंही सरकारी कॉलेजला लागली तर सोनं झालं, चार लाखांत तुम्ही बराच काळ निभावून न्याल. नाही लागली तर रिपीट, नाही तर बीएएमएस, नाही तर खाजगी, प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि मागायला वेळ देत नाहीत. तोवर एफडीला हात नाही.

गाडीचे उरलेले १,१०,००० मात्र हलवा. ११ टक्के मिळतात म्हणून पतसंस्थेत टाकलेत ना? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं. बीडपासून संभाजीनगरपर्यंत काय झालं ते तुम्ही आम्ही डोळ्यानं बघितलंय, म्हातारी माणसं पासबुक घेऊन बंद शटरसमोर बसलेली. मुदत संपेल त्या दिवशी काढा, मुदतीआधी निघत असतील तर थोडं व्याज सोडून काढा आणि राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा.

आता इच्छेचं. मी तुम्हाला असं सांगणार नाही की लोखंड आहे, विसरून जा. अण्णा ज्या सीटवर बसायचे तिथं बसावंसं वाटणं यात काही खोटं नाही, आणि माणूस अशा गोष्टीवर पैसे खर्च करू शकतो, फक्त ते पैसे त्याचे स्वतःचे आणि मोकळे पाहिजेत. लातूरला लेकराला भेटायला जायला ही गाडी लागते असं कारण मात्र देऊ नका. साठ-पासष्ट किलोमीटरला जाऊन येऊन हजाराचं डिझेल जाईल, एसटीत वहिनींना अर्धं तिकीट आहे. गाडी हवी ती अण्णांसाठी, तेवढंच कारण ठेवा, ते पुरेसं आहे.

तर असं करा. पुढच्या पगारापासून दर महिन्याला ५,४०० ची आरडी लावा, गाडी दारात उभीच आहे असं समजून. ९,५०० मधून हे निघतील, जड जाईल पण निघतील. ऑगस्टपर्यंत एकही हप्ता न चुकता गेला आणि तोवर मुलीच्या ॲडमिशनचा निकाल लागून एफडीतले किंवा त्या १,१०,००० मधले पैसे खरंच मोकळे राहिले, तर गाडी तुम्हाला झेपते. मधेच आरडी मोडावी लागली तर झेपत नाही, मग मला परत विचारू पण नका. त्या माणसाला आत्ताच निरोप द्या की विकायची झाली तर आधी मला सांग, मी २,६०,००० धरून बोलेन, टायरच्या पावत्या दाखवल्यास वर १५-२० हजार, त्याच्या पुढं एक रुपया नाही. मजूर वाहून गाडी दर महिन्याला झिजतेय आणि पासिंगचा खर्च त्याच्यापुढं आलाय, भाव उतरेल तो त्याचाच. मधे दुसऱ्या कुणाला विकली तर विकू द्या, तेवढी तयारी मनाची ठेवा.

आणि उद्या शाळा सुटली की आधी ते फॉर्म २९ चं काम. आरटीओची पोच मिळाली की फोटो पाठवा, मग विम्याचं बोलू, तुमचा नो क्लेम बोनस विमा कंपनीकडून लिहून घेता येतो, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि ३ वर्षांत कोणतीही खाजगी चारचाकी तुमच्या नावावर घेतली तर तिच्या विम्याला लागू होतो.