नॉर्वेतल्या बर्गनमध्ये एकच दिवस असेल तर संगीतकार एडवर्ड ग्रीगचं तळ्याकाठचं घर बघावं का? पाश्चात्त्य संगीत कळत नसेल तरी?

जरूर जा, पण दुपारच्या मैफलीची वेळ साधून जा. उन्हाळ्यात ट्रोलहाउगनला, म्हणजे ग्रीगच्या या घरी, जेवणाच्या सुमारास साधारण अर्ध्या तासाचा पियानोचा कार्यक्रम असतो. त्याचं तिकीट आधीच काढून ठेवा आणि बाकीचा वेळ त्याभोवती बसवा.

घर १८८५ सालचं, लाकडी. ग्रीगचा नातलग शाक बुल याने त्याचा आराखडा केला होता. दिवाणखान्यातला स्टाइनवे पियानो ग्रीग आणि त्याची बायको नीना यांना १८९२ मध्ये लग्नाच्या पंचविशीनिमित्त भेट मिळाला. हे सगळं छान आहे, पण माझं मन रमलं ते खाली पाण्यालगतच्या लाल झोपडीत. घरात पाहुण्यांचा राबता असायचा आणि कुणाच्या कानावर पडत असताना ग्रीगला सुचायचंच नाही, म्हणून १८९१ मध्ये त्याने ही वेगळी खोली बांधून घेतली. आत एक पियानो, एक कोच, शेगडी आणि खिडकीशी टेबल. बस्स! खिडकीबाहेर नोर्डोस तळ्याचं पाणी. ग्रीगची उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळे पियानोवर हात नीट पोचावा म्हणून तो बीथोवनच्या स्वरलिपीचा जाडजूड ग्रंथ बुडाखाली घ्यायचा. एवढ्याशा खोलीत, एवढ्याशा सामानावर माणूस काम करत होता हे बघून मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

मैफलीचं सभागृह १९८५ मध्ये बांधलं. छपरावर गवत वाढवलंय, त्यामुळे ते डोंगरउतारात मिसळून जातं, आणि आसनं फक्त दोनशेच्या आसपास. वादकाच्या पाठीमागे भिंतीऐवजी काच आहे. त्या काचेतून तीच झोपडी आणि तेच पाणी दिसत असताना ग्रीगच्या छोट्या रचना कानावर येतात. शास्त्र कळायची गरज उरत नाही. जाण्यापूर्वी एकच करा: ‘ट्रोलहाउगनमधला लग्नाचा दिवस’ ही १८९६ ची रचना दोन-तीनदा ऐका. ती ओळखीची झाली की तिथे फिरताना वेगळीच मजा येते.

ग्रीग १९०७ मध्ये गेला. त्याच्या आणि नीनाच्या अस्थी काठावरच्या कातळात कोरलेल्या कोनाड्यात आहेत. तिथेही उतरून जा, पायवाट सोपी आहे.

शहरातून ट्रामने होप थांब्यावर उतरायचं, पुढे वीसेक मिनिटं चाल. बर्गनचा पाऊस बेभरवशाचा, तेव्हा रेनकोट हवाच. फ्योर्डची (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याची) मोठी बोट त्याच दिवशी घ्याल तर दोन्हीकडे नुसती धावपळ होईल. नॉर्वेत पुढे कुठेही फ्योर्ड दिसणार असतील, तर बर्गनचा दिवस मी ग्रीगलाच देईन.