कार्षापण ३२ गुंजांचा की ८०?

शिरपूरच्या एका वाचकाने विचारले आहे : 'एका पुस्तकात कार्षापणाचे वजन ३२ रत्ती आहे, दुसऱ्यात ८० रत्ती. खरे कोणते? आणि आपण "दाम मोजले" म्हणतो, त्या दामाचा या जुन्या चांदीच्या नाण्यांशी काही संबंध आहे का?'

कार्षापण हे प्राचीन भारतातले नाणे. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ३२ चांदीचे आहेत आणि ८० तांब्याचे. पुस्तकांनी धातू सांगायचे टाळले की असा घोळ होतो.

रत्ती म्हणजे आपली गुंज. लाल, डोक्यावर काळा ठिपका असलेले बी. पारंपरिक सराफी हिशोब ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा असा. तोळा ११.६६ ग्रॅम धरला तर गुंज ०.१२ ग्रॅमच्या जराशी वर जाते. प्राचीन नाण्यांच्या वजनांवरून अभ्यासक ती थोडी हलकी, ०.११ ग्रॅमच्या आसपास धरतात. बियाच त्या, एका शेंगेतल्या दोनही तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे गुंजेवरून काढलेल्या ग्रॅममध्ये दशांशापुढची तीन-तीन घरे लिहिणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कोष्टक आहे. सोन्यासाठी ५ गुंजांचा माष आणि १६ माषांचा सुवर्ण, म्हणजे ८० गुंजा. कर्ष नावाच्या मापाचे वजनही हेच. चांदीसाठी मात्र माष २ गुंजांचाच. असे १६ माष झाले की धरण, त्यालाच पुराण असेही नाव, वजन ३२ गुंजा. कार्षापण हा शब्द मनू कर्षभर वजनाच्या तांब्याच्या 'पण' या नाण्याला वापरतो. म्हणजे शास्त्राप्रमाणे चांदीच्या नाण्याचे नाव धरण, आणि कार्षापण तांब्याचा.

लोकांनी शास्त्र ऐकले नाही. चांदीच्या आहत नाण्यालाही कार्षापणच म्हटले जाऊ लागले, प्राकृतात काहापण. पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर सूर्य, डोंगर, वृक्ष असे ठसे मारलेली ही नाणी. त्यांचे कोपरे वेडेवाकडे छाटलेले दिसतात ते वजन जुळवण्यासाठी. नेहमीचे नाणे साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर भरते, म्हणजे ३२ गुंजाच. ८० गुंजांच्या हिशोबाने ते जवळजवळ नऊ ग्रॅमचे व्हायला हवे होते. नाव कर्षाचे आणि वजन कर्षाच्या निम्मेही नाही, अशी ही गंमत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदीचे पण, अर्धपण, पाद आणि अष्टभाग असे चार तुकडे सांगितले आहेत, आणि त्याखाली तांब्याचे माषक, काकणी वगैरे.

धातू बदलला की वजनाची भाषा बदलते हे खान्देशात कोणाला समजावून सांगायला नको. जळगावच्या सराफ्यात सोने तोळ्यात बोलले जाते आणि चांदी भारात. आणि ज्या तोळ्याने आजी ११.६६ ग्रॅम समजायची, त्या तोळ्याने दुकानदार आज १० ग्रॅम देतो. नाव तेच राहते.

वाचकाने विचारलेले नाही, पण शतमान या दुसऱ्या वजनापाशीही हीच ठेच लागते. मनूचा चांदीचा शतमान १० धरणांचा, म्हणजे ३२० गुंजांचा. गांधाराकडच्या वाकवलेल्या चांदीच्या पट्ट्यांना नाणकशास्त्रात शतमान म्हणतात, त्या मात्र ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नावाप्रमाणे साधारण शंभरच गुंजांच्या.

आता आपल्या शेजारचा पुरावा. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात ७०,००० कार्षापण दिल्याचे सांगून पुढे भाव मांडला आहे : ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, एकूण २,००० सुवर्ण. हा कार्षापण कोणता? नहपानाची चांदीची नाणी सव्वादोन ग्रॅमच्या आगेमागे भरतात. म्हणजे ती ना ३२ गुंजांची, ना ८० गुंजांची. ती द्रख्मा या ग्रीक चांदीच्या नाण्याच्या वळणाची, पण हलकी. ती किती चालत होती हे नाशिकजवळच्या जोगलटेंभीच्या साठ्यावरून कळते. १९०६ साली तिथे तेरा हजारांहून जास्त नाणी निघाली आणि त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. राजा बदलला तरी नाणे वितळवले नाही, त्याच वजनावर नवा ठसा मारला. मला तरी उषवदाताच्या लेखातला कार्षापण हाच वाटतो. सुवर्ण आठ ग्रॅमचा धरून गणित केले तर सोन्याला चांदीच्या जवळपास दहापट भाव येतो, आणि तो पटण्यासारखा आहे. ३२ गुंजांचा कार्षापण धरला तर तो पंधरापटीपर्यंत चढतो.

दामाकडे वळू. दाम आला द्रम्मातून आणि द्रम्म ग्रीक द्रख्मातून, याबद्दल वाद नाही. चार ग्रॅमच्या घरातली गधैया नाणी याच घराण्यातली, इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांची नक्कल करता करता चेहरा पार ओळखू न येणारी झालेली. पण दाम हा शब्द दाखवायला दूर जायची गरज नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेली दाने नोंदवली आहेत. वरचा भाग संस्कृत, शेवटची कलमे मराठी. त्यांत गिऱ्हाइकाकडून घ्यायचा 'दामाचा विसोवा' येतो, म्हणजे दामाचा विसावा हिस्सा.

एवढे छोटे नाणे कोण पाडणार? हा हिशोबातला हिस्सा असावा आणि तो कवड्यांत चुकता होत असावा. याच भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथाच्या सुरुवातीचे कोष्टक लावून पाहा : २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. द्रम्म झाला १,२८० कवड्यांचा आणि विसोवा बरोबर ६४ कवड्यांचा. त्याच ग्रंथात धरण २४ गुंजांचे आहे, मनूचे ३२ चे नव्हे. ३ गुंजांचा वल्ल, ८ वल्लांचे धरण. हा वल्ल म्हणजे जुन्या सराफांचा वाल.

पुढे दामाने धातूही सोडला. अकबराचा दाम तांब्याचा, वीस ग्रॅमच्या वर, आणि रुपयाला ४० दाम. आपल्या बोलण्यात राहिलेले दमडी आणि छदाम हे या तांब्याच्या दामाचे नातलग, पाटण्याच्या दामाचे फक्त नावापुरते.