पेशींना वाढायचं कधी आणि थांबायचं कधी, हे कोण सांगतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की बारावीच्या पुस्तकात सायक्लिन या प्रथिनाचं नाव येतं आणि धडा संपतो. मी डॉक्टर नाही, नौपाड्यात अकाउंट्सची कामं करते. पण माझ्या पोटावर वीतभर व्रण आहे, त्याच्या जोरावर लिहिते.

2019 मध्ये बाबांचं यकृत सिरोसिसने निकामी झालं. (आयुष्यात थेंब घेतला नाही त्यांनी. मधुमेह आणि फॅटी लिव्हर. आधीच सांगून टाकते, कारण तब्येत विचारायच्या आधी लोक ‘प्यायचे का?’ विचारतात.) माझा रक्तगट ओ, बाबांचा बी, म्हणजे मला माझ्या यकृताचा तुकडा त्यांना देता येत होता. ठरवलं. आणि धाकटे काका घरी आले. काका बी.एस्सी., ठाणे-बेलापूर रोडच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेले. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, “यकृत परत वाढतं म्हणतात ना? मग वाढत सुटलेल्या पेशी थांबवणार कोण? यालाच तर कॅन्सर म्हणतात. रक्तबीज होईल पोटात. आणि तुझं अजून लग्न व्हायचंय.” आई त्या रात्री जेवली नाही.

म्हणजे तुमचा प्रश्न आमच्या काकांचाच आहे, आणि तो मी तेव्हापासून घोकतेय.

मेंदू हुकूम सोडतो असं कुणी सांगितलं तर कान देऊ नका. पेशी शेजाऱ्यांकडून आणि रक्तातून येणारे निरोप ऐकते. यकृताच्या पेशी एरवी क्वचितच विभागतात, शांत बसून काम करत असतात. उजवा भाग कापला की आतड्यांकडून येणारं सगळं रक्त उरलेल्या तुकड्यातूनच जायला लागतं. तो ताण, शिवाय हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर, इंटरल्यूकिन-6 असे निरोप. त्यावर पेशी उठतात आणि विभागायला लागतात. उंदराच्या जातीत दोनतृतीयांश यकृत काढलं तरी आठ-दहा दिवसांत वजन भरून येतं, हे 1931 पासून माहीत आहे. काका कॉलेजात जायच्या कितीतरी आधीपासून!

आता थांबणं. इथे टीजीएफ-बीटासारखे निरोप विभागणी दाबतात. शिवाय पेशीच्या आतल्या निरोपांची हिप्पो नावाची एक साखळी असते, आधी फळमाशीत सापडलेली. पेशींची दाटी झाली की ती विभागणी चालू करणाऱ्या याप नावाच्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवते. 2007 मध्ये संशोधकांनी उंदरांच्या यकृतात हे याप मुद्दाम जास्त चालू ठेवलं, तर यकृत कित्येक पट फुगलं. बंद केलं, तर परत आकाराला आलं. म्हणजे ब्रेक असतो, काका.

माझ्या फाइलमधले आकडे देते. ऑपरेशनआधी यकृत 1180 मिली. मागे ठेवलं 430. तीन महिन्यांनी सीटीत 960. वर्षाने 1090. त्यापुढच्या वर्षी 1095. हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत आवडतो. वाढ सगळ्यांना दिसते, पण वर्षभरात फक्त पाच मिली, हे कुणी कौतुकाने बघत नाही. तो रिपोर्ट मी घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी उत्तरादाखल गुलाबाच्या फुलाचं ‘शुभ सकाळ’ पाठवलं.

ऑपरेशनआधी दात्याला समितीपुढे बसवतात, 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली. मला विचारलं, “घरून दबाव आहे का?” मी म्हटलं, आहे, पण उलट्या बाजूने. एक मॅडम हसल्या. आता लिहितेच आहे तर हेही लिहिते : काकांचा रक्तगटही ओच आहे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारू नये म्हणूनच ते कॅन्सरचं व्याख्यान होतं, असं माझं मत आहे.

तुमचं सायक्लिन राहिलंच. टिम हंट यांना 1982 मध्ये समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत हे प्रथिन दिसलं, दर विभागणीआधी साचणारं आणि विभागणी होताना नाहीसं होणारं. ते सीडीके नावाच्या एन्झाइमला जोडलं गेलं की गाडी पुढच्या टप्प्यात जाते. पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत 1987 मध्ये यीस्टमधल्या सीडीकेच्या बिघडलेल्या जनुकाच्या जागी माणसाचं जनुक वापरलं आणि ते चाललं. यीस्ट आणि आपण, एकच कुलूप. यीस्टमध्येच विभागणीची जनुकं शोधणारे हार्टवेल, हंट आणि नर्स यांना 2001 चं नोबेल मिळालं. डीएनए खराब असेल तर पी-53 नावाचं प्रथिन गाडी अडवतं, दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. परीक्षेला एवढं पुरेल.

पेशी दोन होणं वेगळं आणि एकच पेशी मोठी होणं वेगळं. मोठं होण्याचा हिशेब एमटॉर नावाचं प्रथिन बघतं : खाणंपिणं भरपूर आहे का, वगैरे. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून बाबांना ऑपरेशननंतर महिनाभर थांबून एव्हरोलिमस हे औषध सुरू केलं, ते याच एमटॉरला दाबतं. घाई करत नाहीत, कारण त्याने जखमा भरायला वेळ लागतो. हीच गोळी काही कॅन्सरांवरही देतात. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बघ, मी म्हणत होतो, कॅन्सर!”

काका अगदीच चुकीचे नव्हते, हे मान्य करते. सिरोसिसमध्ये पेशी वर्षानुवर्षं मरत आणि विभागत राहतात, त्यातून कॅन्सरचा धोका खरंच वाढतो. पण ते बाबांचं जुनं यकृत होतं, माझं नव्हे. आणि ‘परत वाढतं’ म्हणजे कापलेला भाग पुन्हा फुटत नाही, उरलेलाच मोठा होतो. माझं यकृत आता डावीकडूनच भरलेलं आहे. माझं वाचून कुणी दाता व्हायला निघू नका. आठ तासांचं ऑपरेशन आहे, दात्याच्याही जिवाला धोका असतो, आणि मला पहिले तीन आठवडे शिंकसुद्धा उशी पोटाशी धरून द्यावी लागायची.

झाडांच्या पेशींचं मी काहीच लिहिलं नाही. त्यांचे नियम वेगळे. ते कुणी गॅलरीत कढीपत्ता छाटणाऱ्याने सांगावं. बाबा रोज छाटतात, पण त्यांना लिहायला सांगितलं तर ते काकांचीच बाजू घेतील.