शीर सापडत नाही, मॅडम

"पुढच्या वर्षी नावाआधी डॉक्टर लागेल मॅडम, आणि मला साधी शीर सापडत नाही."

फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांकडून हे वाक्य थोड्याफार फरकाने इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्या मुलाने तोंड उघडायच्या आत मी पाण्याचा ग्लास पुढे करते. कुणाला स्टेथोस्कोपमधून सगळ्यांची हृदयं सारखीच ऐकू येतात. कुणाच्या हाताला प्लीहा कधी लागलेलीच नसते, पण सर 'लागली ना?' म्हणाले की मान हलते. थिअरीत पहिल्या दहांत असलेली ही मुलं वॉर्डात शिरली की शेवटच्या रांगेत उभी राहतात.

त्यांतल्याच एकीची ही गोष्ट, तिच्या परवानगीने. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. ती डिचोलीकडची, इंटर्नशिपचा चौथा महिना. माझ्याकडे यायला निमित्त झालं गणेश चवथीचं. मूळ घरी सगळं गोत जमलेलं, आरती झाली आणि काकांनी बाही वर करून हात पुढे केला, "डॉक्टरीणबाई, बघ माझं प्रेशर!" मग आत्या, मग शेजारच्या आजी. हिने पाचव्या माणसापर्यंत निभावलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आता आजोबांना सलाईन लागलं तर बाहेर जायला नको, घरचीच डॉक्टर आहे." ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नेवऱ्या तळत बसली ती रात्रीपर्यंत.

"तुला काय काय येत नाही?" मी विचारलं.

"काहीच येत नाही."

"टाके?"

"तीन-चारदा घातलेत. पण सोप्या जखमा होत्या."

"बीपी?"

"ते काय, येतंच की."

"म्हणजे 'काहीच' नाही."

"मॅडम, तुम्ही शब्द पकडताय."

"माझा धंदाच तो."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या घराण्यातली. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, असं मानणारी. हिचा हट्ट मला लगेच दिसला: पहिल्याच टोचण्यात जमलंच पाहिजे, नाही जमलं तर मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही. दोन बैठका आम्ही या 'च'वर घालवल्या. तिला सगळं पटलं. पटवण्यात माझा हातखंडा आहे, हे नम्रपणे सांगते. तिसऱ्या खेपेला ती आली ती मनगटापर्यंत कोमेजून. आदल्या रात्री सत्तरीतल्या एका म्हातारीला तिने तीनदा टोचलं होतं. म्हातारीने ओरडायचं सोडून दुसरा हात पुढे केला होता, "बाय, सवकास. हो हात घे."

"ती ओरडली असती तर बरं झालं असतं," एवढं बोलून ती रडली.

मी तिला एक छोटी वही दिली. प्रत्येक आयव्हीच्या, म्हणजे सलाईनसाठी शिरेत नळी घालण्याच्या, आधी लिहायचं, दहापैकी किती खात्री वाटते. नंतर लिहायचं, काय झालं. 'वाईट झालं' असं लिहायचं नाही. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच.

तीन आठवड्यांनी वही आली. एकूण 31 वेळा. खात्रीच्या रकान्यात सगळीकडे दोन, तीन, दोन. पहिल्या टोचण्यात जमलेल्या 19. ती आकड्यांकडे बघत राहिली. जणू दुसऱ्या कुणाची वही. मला तिथेच थांबून 'बघ, तुझा समज खोटा होता' असं म्हणायचा मोह झाला होता. पण मी चुकलेल्या 12 ओळी वाचल्या. त्यातल्या नऊ ओळी जवळपास एकच होत्या: 'रक्त दिसलं. मग फुगलं.' म्हणजे शीर निसटून कातडीखाली फुगवटा आला.

"रक्त दिसलं म्हणजे शीर सापडली ना?"

"हो..."

"मग तू म्हणतेस ते खरं नाही. शीर तुला सापडते. पुढे काहीतरी होतंय."

ती बराच वेळ गप्प होती. मग हाताने हवेत कृती करून बघू लागली. अंगठा, सुई, आणि एकदम पुढे ढकललं. "रक्त दिसलं की मला इतकं हायसं वाटतं, की मी घाई करते."

इतकी वर्षं मी घाबरण्यावर काम करत आले. सुटकेमुळेही हात चुकू शकतो, हे त्या दुपारी एका इंटर्नच्या रिकाम्या मुठीने मला शिकवलं. आणि आणखी एक: दोन बैठका मी तिच्या विचारांची तपासणी करत होते, हाताची करायची राहून गेली होती. तिची शंका निम्मी खोटी होती, निम्मी अगदी खरी.

उरलेलं काम मी नाही, वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सिस्टरनी केलं, दहा मिनिटांत. सुईचं टोक प्लास्टिकच्या नळीच्या जरासं पुढे असतं. रक्त दिसतं तेव्हा टोक शिरेत पोचलेलं असतं, नळी अजून बाहेरच. "रक्त दिसलं की थांब, सुई झोपव, केसभर पुढे घे, मग नळी सरकव. आणि खालची कातडी अंगठ्याने ताणून धर, म्हाताऱ्यांची शीर पळते." पुस्तकात हे सगळं तिने वाचलं होतं. तिच्या हाताकडे बघत कुणी सांगितलं नव्हतं.

वही आली त्याच बैठकीत मी तिला माझं बीपी घ्यायला सांगितलं, 'येतंच की' म्हणाली होती म्हणून. तिने ब्लाऊजच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, माझा हात लोंबकळत ठेवला आणि सांगितलं, 120/80. मी प्रेशरची गोळी घेते. इतकं गोल प्रेशर माझं दहा वर्षांत आलेलं नाही. दोघीही हसलो, ती जरा उशिरा.

डॉक्टर स्वतःच्या कौशल्याला देतात ते मार्क आणि बघणाऱ्याने दिलेले मार्क फारसे जुळत नाहीत, असं 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. म्हणून 'आत्मविश्वास कसा वाढवू?' या प्रश्नात मला फारसा रस उरलेला नाही. दुसरे अल्बर्ट, मानसशास्त्रज्ञ बांदुरा, यांनी 1977 मध्येच मांडलं की खरा भरवसा येतो तो स्वतः करून जमल्यावर. शाबासकी त्यापुढे फिकी. तेव्हा विचारायचं ते हे: मी किती वेळा केलं, किती वेळा जमलं आणि करताना मला कुणी पाहिलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत अडचणीचा. 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधारित, म्हणजे प्रत्यक्ष करता येण्यावर भर देणारा, अभ्यासक्रम आला, केलेल्या कामांच्या नोंदींची लॉगबुकं आली, पण सहीच्या मागे पळताना बघून घ्यायचं राहून जातं. सिनियरना 'बरोबर आहे का?' असं विचारू नका, उत्तर 'हो, हो' असंच येतं. 'एक चूक सांगा' म्हणा. इंटर्नशिपचे बारा महिने पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजीच्या बहुपर्यायी प्रश्नसंचात डोकं घालून काढणाऱ्यांना माझं बोलणं आवडत नाही, पण एमसीक्यूला शिरा नसतात. दोनदा टोचून जमलं नाही तर तिसऱ्यांदा हट्ट न करता दुसऱ्याला बोलवा. पेशंटला आधी तसं सांगितलं तर तोही निवांत असतो. आणि आईबाबांनो, चवथीला तिच्यापुढे हात करायचाच असेल तर एकानेच करा, तोही जेवण झाल्यावर.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. "मॅडम, काल एका आजोबांना दोनदा टोचलं, नाही जमलं. सिस्टरना बोलावलं. त्यांचंही पहिल्यांदा फुगलं."

खाली वहीच्या पानाचा फोटो होता. खात्रीच्या रकान्यात सहा.